वजीरच्या मानेवरची गाठ

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. देवणी तालुक्यातल्या काही गावांत अजूनही मला दुसऱ्या नावानं कुणी ओळखत नाही, पण सरकारदरबारी मी पशुधन पर्यवेक्षक होतो. गेल्या साली निवृत्त झालो. हुद्दा पूर्ण उच्चारेपर्यंत गाय वितेल, एवढा तो लांब; म्हणून लोकांनी त्याचं 'डॉक्टर' करून टाकलं आणि मीही फार जोरानं कधी नाकारलं नाही. नाकारायचं खातं बायकोकडं होतं. दारात येऊन कुणी "डॉक्टर हायत का घरी?" म्हणून विचारलं की ती आतूनच ओरडायची, "डॉक्टर न्हाईत. हे हायत. चालत असतील तर बघा!"

चालायचो. बहुतेक वेळा चालायचो.

माझं काम सांगायला सोपं. खांद्याला लसीचा बर्फ घातलेला डबा, पिशवीत सुया, आणि समोर एक जनावर, ज्याला मी आवडत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला घटसर्प आणि फऱ्याची लस, मग लाळ्या-खुरकूताची, शेळ्यामेंढ्यांची निराळी. लस थंडच राहिली पाहिजे. तिला ऊन लागलं की ती कामातून जाते, म्हणून उन्हाळ्यात कुठल्याही झाडाखाली माझ्या आधी त्या डब्याला सावली मिळायची. गावात पोचायचं ते सकाळी, जनावरं दावणीला असतानाच. एकदा ती रानात गेली की त्यांच्यामागं पळणं माझ्या पोटाला झेपायचं नाही. जनावराला हलता येऊ नये म्हणून लाकडाचा नाहीतर लोखंडी पाइपांचा एक अरुंद पिंजरा असतो, त्याला खोडा म्हणतात. जनावर खोड्यात घालायचं, मानेची कातडी चिमटीत धरायची, कातडीखाली लस सोडायची. झालं. यात खाल्लेल्या लाथा धरलेल्या नाहीत.

अवघड असायचा तो माणसांचा भाग. माझी मोटारसायकल गावात शिरली की त्या गावातली जनावरं अचानक कमी व्हायची. एकानं मला दारात उभं राहून तोंड भरून सांगितलं, "म्हैस इकली की डॉक्टर! परवाच इकली." आणि त्याच वेळी मागच्या उसातून म्हशीनं असा हंबरडा फोडला की आम्ही दोघंही जमिनीकडं बघत उभे राहिलो. शेवटी तोच म्हणाला, "शेजाऱ्याची आसंल." शेजाऱ्याकडं म्हैस नव्हती.

पण या लोकांना मी अडाणी म्हणणार नाही. त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं असायचं. लस दिली की जनावराला एखाददुसरा दिवस ताप येतो, दूध कमी येतं, टोचल्या जागी लिंबाएवढी गाठ येते. हे सगळं दिसतं. लशीमुळं जो रोग आलाच नाही, तो कुणाला दिसतो? कमी आलेलं दूध चरवीत दिसतं, न मेलेली गाय नेहमीसारखीच उभी असते. तिच्याकडं बघून कुणी म्हणत नाही, वा डॉक्टर!

तो ताप आणि ती गाठ म्हणजे काय, हे मला पुस्तकात कळलं होतं, पण अंगाला कळलं ते करोनाच्या वेळी. आयुष्यभर दुसऱ्यांना सुया टोचल्या, मला एकच मिळाली आणि मी अंथरूण धरलं. अंग ठणकतंय, हुडहुडी भरली, खांदा हलेना. मी कण्हत होतो आणि बायको उशाशी बसून माझ्या कामाची समीक्षा करत होती. "म्हशीला टोचता तर ती दुसऱ्या दिवशी रानात जाते. तुम्ही कशाला कण्हून राहिलात?" (आम्ही दोघं मूळचे नांदेडकडचे, नायगाव भागातले, 'करून राहिलो' आमच्या तोंडातून जात नाही. देवणीकडं लोक 'करलालो' म्हणतात आणि आम्हाला हसतात.)

"अगं, शरीर आत लढायला शिकतंय," मी म्हणालो.

"मग त्याला म्हणावं, आवाज न करता शिक."

ती हसण्यावारी नेत होती, तरी मी त्या दिवशी अंथरुणात पडून आपल्याच अंगाचं कौतुक करत होतो. बाहेरून आलेली एवढीशी ओळख, आणि आत किती धावपळ! भट्टी पेटवली, माणसं जमवली, खांद्यावर पहारा बसवला. मला न विचारता. आपण ज्याला नुसतं पोट आणि गुडघेदुखी समजतो, त्या अंगाला एवढी अक्कल असते.

आता लम्पीचं सांगतो.

लम्पी हा गाईबैलांचा त्वचेचा रोग. ताप येतो, डोळ्यानाकातून पाणी गळतं, पाय सुजतात आणि सगळ्या अंगावर गाठी उठतात. डास, माश्या, गोचीड यांच्यामार्फत तो गोठ्यागोठ्यातून फिरतो. आम्ही त्यावर द्यायचो ती लस शेळ्यांच्या देवीची. लोक विचारायचे, "शेळीची लस गाईला कशी चालंल?" मी सांगायचो, ही लस भावकीतली आहे. शेळीची देवी आणि लम्पी चुलत भाऊ. एका भावाशी भांडायला शिकलं की त्या घराण्यातल्या सगळ्यांच्या खोड्या कळतात. भावकी म्हटलं की आमच्याकडं पुढचं समजवावं लागत नाही. प्रत्येकाच्या बांधावर अनुभव असतोच.

लम्पी आली त्या साली ती कर्नाटकाच्या हद्दीकडून सरकत येत होती, आणि पोळा तोंडावर होता. बैल एकत्र आणू नका, मिरवणूक काढू नका, पोळा घरच्या घरी करा, असा हुकूम निघाला. हद्दीला टेकलेल्या एका गावात मी लसीचा डबा घेऊन खोड्यापाशी उभा होतो. भोवती चांगली पन्नास माणसं होती आणि जनावर एक नव्हतं. सगळ्यांत पुढं दिगंबरराव. डेअरीला दूध घालणारा माणूस, तीन गाई, आवाज मोठा.

"डॉक्टर, आधी शेजारच्या गावाला टोचा. त्यांची वाचली तर आमची हायतच की."

"शेजारच्या गावचे लोक तुमचं नाव सांगतात," मी म्हणालो.

लोक हसले, पण खोड्याकडं कुणी सरकलं नाही. रोग नसलेल्या जनावराला आपल्या हातानं ताप कशाला आणायचा, दूध कशाला घालवायचं, एवढाच त्यांचा मुद्दा होता. त्याला माझ्याकडं उत्तर होतं, पण ते पुराव्याशिवायचं होतं.

तेवढ्यात गर्दी आपोआप बाजूला झाली. निलाव्वा येत होत्या. सत्तरीच्या आसपासच्या, काटक, एकट्या बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, शेत बसू नावाचा पुतण्या बघायचा. पण निलाव्वांची ओळख शेतानं नव्हती, ती त्यांच्या मागून चालत होती. वजीर. देवणी जातीचा वळू, त्यातही वानेरा: अंग दुधासारखं पांढरं, तोंड काळं, चाल अशी की कुणाला वाटावं हाच निलाव्वांना फिरायला घेऊन निघालाय. उदगीरकडून, निलंग्याकडून, हद्दीपलीकडून लोक आपल्या गाई फळवायला त्याच्याकडं घेऊन यायचे. बाईनं वळू पाळायचा म्हणजे काय, असं एकेकाळी गाव बोललं होतं म्हणे. वजीरची वासरं बघितल्यावर ते बोलणं बंद झालं.

"कामून रिकामे उभे राहिलाव डॉक्टर? ह्येला टोचा."

मी त्यांना जरा बाजूला घेतलं. "अव्वा, याला ताप येईल. मानेवर गाठ येईल. दोन दिवस खाणार नाही कदाचित. आधीच सांगून ठेवतो."

"त्यो रोग आला तर किती गाठी येत्यात?"

"अंगभर."

"मग एकीला काय भ्यायचं?"

त्यांनी वजीरला स्वतः खोड्यात घातलं. मी टोचलं. त्यानं माझ्याकडं एकदा वळून बघितलं, एवढंच. लाथ मारणं त्याच्या इभ्रतीला शोभलं नसतं.

दिगंबरराव म्हणाले, "बघू मग. चार दिवस वजीरचं काय होतंय ते बघू. मग आमचं."

आणि सगळे आपापल्या घरी गेले. म्हणजे त्या सकाळी मी गावात एकच जनावर टोचलं, आणि सगळ्या गावाचं लसीकरण त्याच्या मानेवर येऊन बसलं. मला परत येताना धाकधूक होती. लस अंगात मुरायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढ्यात रोग आला तर लस आडवी येऊ शकत नाही. शिवाय लम्पीतून एखादा वळू वाचला, तरी तो पुढं वळू म्हणून कामाचा राहील याची खात्री नसते. निलाव्वांनी घरातली सगळ्यांत मोलाची गोष्ट खोड्यात घातली होती.

पोळ्याच्या दिवशी सकाळी फोन आला. बसू होता. "डॉक्टर, वजीर खाईना. गाठ लई मोठी झाली. गाव दारात जमलंय. तुमी या."

बायको पुरण वाटत होती. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हात न थांबवता म्हणाली, "जा. आज बैलाच्या आधी जेवायचं तसंही तुमच्या नशिबात न्हाई."

एरवीही पोळा हा आमच्या धंद्यातला सगळ्यांत वाईट सण. वर्षभर कडबा खाणाऱ्या बैलाला लोक प्रेमानं इतकी पुरणपोळी चारतात की संध्याकाळपर्यंत त्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगतं आणि मग डॉक्टरला शोधायला माणसं सुटतात. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात पोट नव्हतं. रस्ताभर मी एकच विचार करत होतो. ताप लशीचा असेल तर एखाद्या दिवसात उतरेल. लम्पीचा असेल तर संपलं. वजीरही, आणि त्या गावातलं लसीकरणही. 'डॉक्टरनं रोग टोचला' हे वाक्य माझ्या आधी पुढच्या गावात पोचलं असतं.

निलाव्वांच्या दारात खरंच गाव होतं. हुकूम बैल एकत्र आणायचा नाही असा होता, माणसांबद्दल त्यात काही लिहिलेलं नव्हतं. अंगणात एका बाजूला चूल पेटवलेली होती आणि तिच्यात लोखंडी सळई तापत होती. ती कशासाठी, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. जनावराला सूज आली की तापल्या सळईनं डाग द्यायचा, ही आमच्या भागातली जुनी रीत.

वजीर मान खाली घालून उभा होता. मानेवरची गाठ लिंबाएवढी असायला हवी होती, ती कवठाएवढी झाली होती. चेहरा मात्र मी डॉक्टरचा ठेवला.

"आली ना लम्पी?" दिगंबरराव म्हणाले. "आम्ही म्हणलालो तेच झालं."

मी थर्मामीटर काढला. बैलाचा ताप शेपटी उचलून मागून बघतात. गाव समोर उभं असताना ते काम करणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो गंभीरपणा लागतो, तो मी वर्षानुवर्षांच्या सरावानं कमावला होता. ताप होता. डोळे बघितले, कोरडे. नाक स्वच्छ. पाय एकेक करून चाचपले, सूज नाही. मग मी कानापासून सुरुवात केली आणि वजीरच्या सगळ्या अंगावरून दोन्ही हातांनी बोटं फिरवत निघालो. लम्पीची गाठ एकटी येत नाही. दुसरी गाठ सापडली की मी हरलो.

मान, पाठ, बरगड्या, पोटाखालचा भाग. मागच्या मांडीच्या आत माझ्या बोटाला काहीतरी टणक लागलं. वाटाण्याएवढं. मी थांबलो. मी थांबलो हे सगळ्यांना दिसलं.

"काय लागलं?" निलाव्वांनी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा बारीक होता.

मी वाकलो, केस बाजूला केले आणि ते हळूच ओढून काढलं. तळहातावर ठेवून त्यांना दाखवलं. गोचीड होतं. रक्त पिऊन फुगलेलं, पाय हलवत होतं.

कुणीतरी हसलं. निलाव्वा हसल्या नाहीत, पण त्यांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. त्या पुतण्याकडं वळल्या. "बसू, गोचीड काढायला डॉक्टर बोलवावा लागतोय व्हय रे?"

बाकी अंग साफ होतं. पण मग एकटी ती गाठ एवढी कशानं वाढली? मी पुन्हा मानेपाशी आलो, नाक जवळ नेलं. तुपाचा वास आला. माझी बोटं पिवळी झाली होती.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं खांदेमळण असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू चढलं तो खांदा गरम पाण्यानं शेकायचा, हळद-तूप लावून मळायचा, आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. वजीरच्या खांद्यावर जन्मात जू चढलं नव्हतं. तरी मान पहिला त्याचा.

"काल खांदा कुणी मळला?" मी विचारलं.

बसू म्हणजे पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप, पैलवानी हाताचा गडी. तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. "म्या."

"किती मळला?"

"लई. डॉक्टर, खांदा तर मळायचाच होता. गाठ बी त्याच बाजूला. म्हणलं दोन्ही कामं एकदाच होतील. वीट तापवून कपड्यात गुंडाळून शेकलं, मग जोर लावून मळलं. रात्री जेवल्यावर परत एकदा शेकलं."

तापलेल्या विटेनं आणि पैलवानाच्या हातानं इतक्या मायेनं रगडल्यावर माझी स्वतःची मानही कवठाएवढी सुजली असती. मी गावाकडं वळून सांगितलं, ही गाठ लशीची आहे आणि वाढली ती बसूच्या भक्तीनं. तापही लशीचाच वाटतो. कार्यालयातल्या आमच्या मॅडमना, म्हणजे खऱ्या डॉक्टरांना, फोन लावून सगळं सांगितलं, त्यांचंही मत तेच पडलं.

"वाटतो?" दिगंबररावांनी नेमका तो शब्द पकडला. "म्हणजे खात्री न्हाई."

नव्हती. आणि तिथं खोटं बोलायचं नव्हतं. "ताप उद्यापर्यंत उतरला आणि दुसरी गाठ उठली नाही, तर खात्री," मी म्हणालो. "आज कुणीच सांगू शकत नाही. पण डाग देऊ नका. भाजल्या जागेवर माश्या बसतात, आणि माश्याच हा रोग घेऊन फिरतात. आता नाही तो मग येईल."

"आणि डाग न देता मेला म्हंजे?" गर्दीतून कुणीतरी बोललं.

सगळे निलाव्वांकडं बघायला लागले. सळईचं टोक लाल झालं होतं. बाईंनी वजीरच्या कपाळावर हात ठेवला, तसाच बराच वेळ ठेवला. मग म्हणाल्या, "बसू, सळई काढ. पाण्यात घाल."

सळई पाण्यात चुर्रकन विझली.

मी तापाचं औषध दिलं आणि तिथंच बसलो. जाऊन घरी काय करणार होतो? दुपार झाली. वजीर उभाच. संध्याकाळी निलाव्वांनी त्याची पूजा केली. शिंगांना बेगड लावली नव्हती, झूल घातली नव्हती, नुसतं हळदीकुंकू आणि समोर सुपात पुरणपोळी. दारात पुन्हा लोक जमले. वजीरनं सुपाला नाक लावलं, वास घेतला आणि तोंड फिरवलं.

पोळ्याला बैलानं पोळी नाकारली की लोकांच्या चेहऱ्यावर काय येतं, ते मी सांगत नाही. दोन बायांनी तोंडाला पदर लावला. मला मात्र बरं वाटत होतं. आजारी पोटात पुरण गेलं नाही ते उत्तमच. माझी नजर सुपावर नव्हतीच, मी त्याच्या घशाकडं बघत होतो. मघापासून बघत होतो.

वजीर मागं सरकला, पुढचे पाय दुमडून खाली बसला. कुणीतरी "गेला की" म्हणालं. तेवढ्यात त्याच्या गळ्यातून एक गोळा वर सरकला. खालचा जबडा एका बाजूला गेला, मग दुसऱ्या. पुन्हा एका बाजूला.

"अव्वा," मी म्हणालो, "रवंथ करतोय."

रवंथ सुरू झालं म्हणजे जनावराचं पोट जागं झालं, दुखणं मागं हटलं. हे त्या अंगणात प्रत्येकाला माहीत होतं, शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्याला ते शिकवावं लागत नाही. लोक त्या काळ्या तोंडाकडं बघत राहिले. गावातला पोळा त्या साली तेवढाच झाला. निलाव्वांनी पोळीचं सूप उचललं आणि माझ्यासमोर ठेवलं. "बैल खाईना. तुमी खाताव का?" मी खाल्लं. भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. पुढचे काही दिवस मी रोज फोन करायचो आणि बसू रोज सांगायचा, "दुसरी गाठ न्हाई. आज बी अंगावरून हात फिरवला. आज बी गोचीड काढले." त्या वजीरइतका स्वच्छ बैल मग तालुक्यात दुसरा नसेल.

पुढच्या फेरीला मी त्या गावात गेलो तेव्हा खोड्याशेजारी वजीर बांधलेला होता आणि निलाव्वा दगडावर बसल्या होत्या. येईल त्याला म्हणायच्या, "ये. हात लाव. दाबून बघ. एकच हाय, अन् बसलालीय." लोक एकेक करून पुढं यायचे, वजीरच्या मानेवरची ती गाठ अंगठ्यानं दाबून बघायचे आणि आपलं जनावर आणायला जायचे. वजीर वैतागला होता, पण उभा होता. दिगंबररावही आले. तीन गाईंपैकी एकच घेऊन आले, सगळ्यांत कमी दूध देणारी.

"बाकीच्या दोन?" मी विचारलं.

"आधी हिचं बघू की."

आठवडाभरानं त्या दोन्हीही आल्या.

काम संपल्यावर मी निलाव्वांना जरा फुशारकीनंच म्हणालो, "अव्वा, त्या दिवशी सगळं गाव विरोधात असताना तुम्ही माझ्यावर भरवसा ठेवला. विसरणार नाही मी."

"तुमच्यावर?" त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "तुमच्यावर कुठं ठेवला? म्या वजीरवर ठेवला. वासरू हुतं तवापासून बघलाले त्येला. तुमी नुसतं टोचून गेलाव. ताप काढला त्येनं."

मी डबा मोटारसायकलला बांधत राहिलो. बाई बरोबरच बोलत होत्या. लस फक्त ओळख करून देते, पुढचं सगळं अंग करतं. मी अंथरुणात पडून माझ्या अंगाचं जे कौतुक केलं होतं, तेच त्या त्यांच्या बैलाचं करत होत्या. फरक एवढाच की वजीर कण्हला नव्हता.

लम्पी आली. ती यायची थांबली नाही. त्या गावातही काही जनावरांना झाली, पण ज्यांच्या अंगात लस मुरलेली होती ती त्यातून उठली. हद्दीवरच्या एका तांड्यावर मात्र मला पोचायला उशीर झाला. तिथली काही वासरं गेली. त्यांतलं एक वजीरचं होतं. काळ्या तोंडाचं. त्याच्या मालकिणीनं मला काही बोल लावला नाही, नुसतं विचारलं, "आधी आला असता तर?"

त्याच हंगामात निलाव्वांनी आपला हुकूम काढला. टोचलेली नसेल ती गाय वजीरकडं लावायची नाही. सरकारी परिपत्रकं मी गावोगाव भिंतींवर चिकटवली होती, ती शेळ्यांनी खाल्ली. निलाव्वांचा हुकूम कुठंच लिहिलेला नव्हता आणि तो हद्दीपलीकडच्या गावांतही पाळला जात होता. लसीचा दाखला त्या बघायच्याच नाहीत. गाय दारात आली की तिच्या मानेवरून अंगठा फिरवायच्या. गाठ लागली की आत घ्यायच्या.

आणि एके दिवशी दिगंबरराव माझ्या घरी हजर. बायकोनं सवयीनं "डॉक्टर न्हाईत" म्हणायला तोंड उघडलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून तिनं मलाच हाक मारली.

"डॉक्टर, माझ्या तांबड्या गाईला गाठच आली न्हाई. अव्वा लावून घेईना. म्हणतीय, टोचलीच न्हाई. तुमच्या हातानं टोचलीय की हो! एक गाठ तेवढी देता का?"

गाठ देण्याचं औषध सरकारनं मला कधी दिलं नव्हतं. मी त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसून निलाव्वांच्या दारात गेलो. तांबडी गाय उभी होती. बाईंनी माझ्यासमोर पुन्हा तिच्या मानेवरून अंगठा फिरवला, दोन्ही बाजूंनी.

"काय न्हाई हितं."

"अव्वा, मी टोचलंय तिला. सगळ्यांना गाठ येत नाही. काहींना ताप येतो, काहींना काहीच होत नाही. आतलं काम तेवढंच होतं."

"आत काम झालंय हे कळतंय कसं?"

"बाहेरून कळत नाही."

"तुम्हाला बी?"

"मला बी."

"अव्वा, म्या सोता उभा होतो तवा," दिगंबरराव मध्ये म्हणाले.

"तू गप रे. तू तर म्हैस बी इकली म्हणून सांगचील." त्या पुन्हा माझ्याकडं वळल्या. "म्हंजे गाठ न्हाई, ताप न्हाई, दिसाया काईच न्हाई. नुसतं तुमच्या सांगण्यावर धरायचं?"

"हाव," मी म्हणालो. त्या एका शब्दाला मला जरा जोर लावावा लागला.

निलाव्वांनी माझ्याकडं बघितलं. गाय विकत घेताना बघतात तसं, पायापासून वर. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, गोठ्यात गेल्या आणि वजीरचा कासरा सोडला.